मित्र यादीत नाही

नात्यागोत्याच्या बाबतीत 2013 चा कंपनी कायदा लग्न जुळवणाऱ्या मावशींइतका चौकस आहे. नवरा-बायको, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. सावत्र आईसुद्धा सुटलेली नाही. संचालकाच्या या गोतावळ्याशी कंपनीने ठरावीक व्यवहार करायचे तर संचालक मंडळाची मंजुरी लागते. ज्या सुनेशी वर्षभर अबोला आहे, तीही ‘संबंधित’. आणि शाळेत एका बाकावर बसलेला, तुमच्या गृहकर्जाला जामीन राहिलेला, दर शनिवारी तुमच्याच ग्लासात सोडा ओतणारा? तो यादीत नाही.

केंद्र सरकारी नोकरांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांना मात्र मित्र ठाऊक आहे. लग्नकार्यात किंवा धार्मिक प्रसंगी रीतीप्रमाणे मित्राने दिलेली भेट घेता येते, मर्यादेहून महाग असली तर वर कळवायचं. अधूनमधूनचं जेवण किंवा गाडीतून सोडणं तर भेटीत धरतच नाहीत. अट एकच: मित्राशी कार्यालयीन कामाचा संबंध नको. ही अट लिहिणाऱ्याला साष्टांग नमस्कार! एखाद्या साहेबाच्या मुलाच्या मुंजीत पहिल्या पंगतीला बसलेल्यांतून कंत्राटदार उठवले, तर वाढपी आणि भटजीच उरायचे. साहेबाची बदली झाली की ही मैत्री पदभारासकट पुढच्या साहेबाकडे जाते.

आपल्या सोसायटीत तर नियमपुस्तकही उघडावं लागत नाही. रंगकामाला तीन कोटेशन हवीत ना? येतात की. एक सेक्रेटरींच्या मित्राचं, दोन त्या मित्रानेच आणलेली. सर्वसाधारण सभेत कुणी भुवई उंचावली तर उत्तर तयार असतं, ‘अहो, ओळखीतला माणूस आहे, फसवणार नाही.’ जो आक्षेप असायला हवा, तीच हमी! बरं, काम स्वस्तात झालं तर हेही चालून जाईल. पण जुलैत गच्ची गळायला लागते तेव्हा खरी किंमत कळते. अनोळखी कंत्राटदाराचं बिल अडवता येतं, त्याला गेटवर उभं करून चार शब्द सुनावता येतात. मित्राला फोन करायचा तर सेक्रेटरी आधी वहिनींच्या तब्येतीची चौकशी करतात. तोवर तिसऱ्या मजल्यावर बादल्या भरतात.

एका अध्यक्षांनी सरळ मार्ग धरला. ‘कोटेशन देणारा माझा मित्र आहे, या विषयावर मी मत देणार नाही,’ असं सांगून ते सभेतून उठून बाहेर गेले. मित्र रुसला: माझ्यावर एवढाही विश्वास नाही? सभासद कुजबुजले: काहीतरी शिजतंय, नाहीतर सांगायची गरज काय होती? पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले.

नवे अध्यक्ष कुणालाच ओळखत नाहीत, असं तेच सांगतात. लिफ्टच्या देखभालीचं काम त्यांच्या गाववाल्याला मिळालंय.