विरक्तीचा तहनामा

लोणावळ्याच्या पावसाळ्यात, जेव्हा भुशी धरणाच्या पायऱ्यांवर परगावच्या झुंडी उतरतात आणि स्थानिक सज्जनास उंबरठा ओलांडणे दुष्कर होते, तेव्हा 1985 साली जपानात अवतरलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळातल्या राजकन्येस बंदिवासातून सोडविण्यात ज्यांनी आपले किशोरवय वेचले, तेच गृहस्थ चाळिशीत प्रविष्ट होताच ‘आता व्हिडिओ गेममध्ये मन रमत नाही’ असे वैराग्याचे जाहीरनामे काढू लागतात. वैराग्य कसले! अंगठा थकला, एवढाच मजकूर. ‘काँट्रा’ या खेळात गुप्त संकेत दाबला की 30 प्राण पदरात पडत. सातबाऱ्यावर एक फेरफार नोंदवून घेण्यास तेवढे प्राणही अपुरे, हे उमगल्यावर पडद्यावरच्या शत्रूचे भय ते काय उरणार?

शिवाय मावळात अशा शरणागतीस ऐतिहासिक दाखला आहे. जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे नमून तह केला, आणि वॉरन हेस्टिंग्जने तो मागाहून नामंजूर केला. आमच्या विरक्तांचा राजीनामाही त्याच जातीचा: चिरंजीव निद्राधीन झाले की दिवाणखान्यातून गोळीबाराचा मंद ध्वनी येतो, आणि सकाळी सौभाग्यवतींनी पृच्छा केली असता, ‘मुलाचे यंत्र सुस्थितीत आहे किंवा कसे, याची तपासणी चालू होती,’ असा बाणेदार खुलासा रुजू होतो.