चिरंजीवांचा थर्मोस्टॅट

लेस्टर,
रविवार, 5 मार्च 2023

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त घरातसुद्धा स्वेटर घालून खुशाल आहोत.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढून 1102 रुपये 50 पैसे झाला, सुट्टं म्हशीचं दूध पाच रुपयांनी वाढलं, आणि वर म्हणालात, "तुम्हांला काय गं, तुमच्याकडे पाउंड आहेत." आई, पाउंड आहेत ते गॅस कंपनीचे. आमच्याकडे ते महिन्यातून दोन दिवस मुक्कामाला येतात.

त्या रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घातलं आणि आधीच चढलेला गॅस पार भडकला. इथे वर्षाच्या सरासरी बिलाचा आकडा सरकारी नियामक जाहीर करतो. ऑक्टोबर 2021 मध्ये तो 1277 पाउंड होता, गेल्या एप्रिलात 1971 झाला आणि ऑक्टोबरात 3549 होणार म्हटल्यावर लोकांच्या पोटात गोळा आला. मग सरकार मध्ये पडलं आणि आकडा 2500 वर थोपवला. आता एप्रिलपासून 3000 करणार म्हणतात.

हा 2500 चा आकडा वाचून तुमचे चिरंजीव एवढे खूश झाले, म्हणाले, "मग लाव की हीटिंग! अडीच हजाराच्या वर एक पेनी घेणार नाहीत." मी म्हटलं, अहो, मर्यादा युनिटच्या दराला आहे, बिलाला नाही. जितकं जाळाल तितकं भराल. त्यांना फार हसू नका हं. तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस रेडिओवर असंच काहीसं बोलून बसल्या होत्या. त्यांची खुर्ची गेली, यांच्याकडे अजून स्वयंपाकघरातली खुर्ची आहे.

ती खुर्ची यांनी मीटरच्या पडद्यासमोर टाकली आहे. इथे ओट्यावर एक छोटा पडदा ठेवायला देतात, त्यात दर क्षणाला किती पैसे जळताहेत ते दिसतं. विजेचं एक युनिट 34 पेनी, म्हणजे जवळपास 34 रुपये. (बेस्टचं बिल आलं की कपाळाला हात लावणाऱ्या बाबांना हे सांगू नका.) मी किटली लावली की आकडा उडी मारतो आणि त्याच्याबरोबर हेही. "दोन कपांना एवढं पाणी?" लालबागला पाहुण्याला चहा विचारताना जो माणूस "घ्या हो, घ्या" म्हणून हात धरून बसवायचा, तो आता दारातच विचारतो, "चहा घेऊनच आला असाल ना?"

थर्मोस्टॅटचं तर विचारूच नका. हे सतरावर ठेवतात, मी वीसवर. हे रात्री पाणी प्यायला उठतात ते पाणी प्यायला उठत नाहीत. धाकटीला मी सांगितलंय, बाबा ऑफिसला गेले की बटण फिरवायचं आणि त्यांची गाडी वळली की परत आणायचं. पोरीला गणित येत नव्हतं, वेळेचा हिशोब मात्र अचूक जमायला लागलाय.

कपडे वाळवायचं यंत्र बंद आहे, कारण एका फेरीला चार-पाच युनिटं गिळतं. मग यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून एक लाकडी दांड्यांची चौकट आणली. छताला टांगायची, दोरी ओढली की वर, सोडली की खाली. दुकानदाराने मोठ्या अभिमानाने सांगितलं, लँकेशायरच्या गिरणी कामगारांच्या घरात हीच असायची. मी म्हटलं, परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या घरातसुद्धा हीच होती, फक्त दोरीऐवजी काठीने कपडे वर टाकायचे. काठी यांनी लगेच शोधून काढली. आता चौकट खाली घेण्याचेही कष्ट नकोत म्हणून हे काठीने शर्ट वर फेकतात आणि दोनदा दिवा फोडला आहे. दिवा बारा पाउंडांचा.

गेल्या पंधरवड्यात नवीन तमाशा झाला. टोमॅटो गायब! दक्षिण स्पेन आणि मोरोक्कोत थंडीने पीक गेलं. इथल्या आणि हॉलंडमधल्या काचघरांत हिवाळ्यात गॅस जाळून टोमॅटो पिकवतात, पण गॅस एवढा महाग की कित्येकांनी यंदा लागवडच उशिरा केली किंवा केलीच नाही. म्हणजे बघा, गॅस आपल्या शेगडीखाली पेटायच्या आधीच टोमॅटोत शिरलेला असतो! मोठ्या दुकानांनी पाट्या लावल्या, टोमॅटो, काकडी, ढबू मिरची, सगळं गिऱ्हाइकी तीन. पर्यावरण खात्याच्या मंत्रीणबाई थेरेस कॉफी पार्लमेंटात म्हणाल्या, हंगामी भाज्यांचं मोल ओळखा, आणि नाव घेतलं शलगमचं. आई, शलगमचं सार करून बघितलं. मुलांनी आईबापांच्या प्रेमावर शंका घेतली.

पण तुमचे चिरंजीव या संकटात फुलले. रॉकेलच्या रांगेत तुम्ही त्यांना डबा देऊन उभं करायचात ना, ते शिक्षण वाया गेलेलं नाही. दुकानात शिरताच त्यांनी मला एका रांगेत, मोठ्याला दुसऱ्या रांगेत आणि स्वतःला तिसऱ्या रांगेत उभं केलं आणि सगळ्यांना बजावलं, "एकमेकांना ओळख दाखवायची नाही." घरी आले नऊ टोमॅटो. मोठा म्हणाला, "आपण गुन्हेगार आहोत का?" हे म्हणाले, "नाही रे, आपण लालबागचे आहोत."

बाबांना सांगा, इकडेही संप चालू आहेत. ऑक्टोबरात महागाई 11.1 टक्क्यांवर गेली, 41 वर्षांतली सगळ्यात जास्त. पगार तिथेच. डिसेंबरात नर्स संपावर गेल्या आणि 1 फेब्रुवारीला शिक्षक, रेल्वे ड्रायव्हर, सरकारी कारकून, लाखो लोक एकाच दिवशी. फोनवर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "मालक काय म्हणतायत?" आणि मग हिशोब केला की 41 वर्षांपूर्वी म्हणजे आमचाच गिरणी संप जवळ आला होता, 18 जानेवारी 1982. त्या संपात पगार थांबल्यावर तुम्ही मिरची गल्लीतून मिरच्या आणून देठं खुडायला बसायचात आणि घर चालवायचात, ही गोष्ट हे मुलांना इतक्यांदा सांगतात की मुलं आता मिरची बघितली की आदराने गप्प बसतात. संपाला आमचा पाठिंबा आहेच. फक्त शाळा बंद म्हणजे दोन्ही मुलं घरी, आणि मुलं घरी म्हणजे हीटिंग दिवसभर चालू. महागाईविरुद्धच्या संपाने आमचंच बिल वाढवलं.

तुम्ही विचारलंत, तिकडच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर का येत नाहीत? मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या लाटणं मोर्चाला 1972 च्या सुमारास तुम्ही आजींचा पदर धरून गेला होतात, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण आई, इथे अर्ध्या घरांत लाटणंच नाही.

इथल्या वीज कंपन्यांनी मात्र एक भलतंच काढलं. 23 जानेवारीला संध्याकाळी पाच ते सहा वीज कमी वापरा, वाचवलेल्या युनिटला पैसे देऊ, असा निरोप आला. आम्ही तासभर अंधारात बसलो. कोकणात भारनियमनात आपण किती वर्षं बसलो, कुणी एक पै देऊ केली नाही! हिशोब लावला तर सरकार आपल्या वाडीचं देणेकरी निघेल. त्या तासात हे एवढे रंगात आले की सहा वाजून गेले तरी दिवा लावू देईनात. मुलं भुकेली, मी चिडलेली. कमाई झाली दोन-तीन पाउंडांची.

त्या रात्री माझ्या डोक्यात आलं, हे काहीतरी चुकतंय. गल्लीत प्रत्येक घरात एक मीटर, एक थर्मोस्टॅट आणि एक कुढणारा नवरा. नगरपालिकेने वाचनालयात, चर्चमध्ये लोकांना दिवसभर उबेला बसायला जागा उघडल्या आहेत. तिथे गेले तर म्हाताऱ्या बायका विणत होत्या, कुणी चहा ओतत होतं, कुणाची सून कशी वाईट यावर चर्चा होती. मला थेट आपल्या चाळीतला मजला दिसला.

मग मी इथल्या तीन मराठी घरांना फोन केले. आता दर रविवारी एकाकडेच हीटिंग, बाकी तिघांकडे बंद. ज्याची पाळी त्याने घर गरम ठेवायचं, बाकीच्यांनी शिजवून आणायचं. एका कुकरमध्ये चौदा माणसांची डाळ, चार शिट्ट्या, मग गॅस बंद आणि वाफेवर सोडून द्यायचं. कोल्हापूरवाले आमटीत तिखट ओततात, पुणेवाले गूळ घालतात, भांडणं होतात, त्यातही थोडी ऊब वाटते. खरं सांगू, एकट्याने काटकसर केली की ती कंजुषीकडे वळते; चार घरांनी मिळून केली की तिला कार्यक्रम म्हणता येतं. पहिल्या महिन्याचं बिल कमी आलं. हे म्हणाले, "हे मी सुचवलं होतं." मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी आमची पाळी आहे.

तुम्ही दोघं मे महिन्यात येताय, त्यामुळे यंदा मसाला वाळवून, तुमच्यासमोर कुटून, नीट बांधूनच आणा. मिरची महागली म्हणून कमी करू नका, पैसे हे देतील, मीटरचा पडदा विकून. लोकरी मोजे, कानटोपी आणा. मे महिन्यात थंडी नसते असं हे सांगतील, ऐकू नका. आणि विमानातलं पांघरूण घरी आणायचं नसतं, हे बाबांना निघायच्या आधीच सांगून ठेवा.

उद्याच्या होळीला पुरणपोळ्या चार घरांत मिळून करतोय. तुम्ही दोघांनी तब्येतीला जपा. मुलांचा नमस्कार.

तुमची,
सूनबाई

ता. क. आई, हिने लिहिलेलं अर्धं खोटं आहे. थर्मोस्टॅट अठरावर असतो. – तुझा मुलगा

ता. क. दोन: सतरा. धाकटीने आत्ताच बघितलं. – सूनबाई