अंगठ्याचा जीर्णोद्धार

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बगरू या छिपा कारागिरांच्या गावी, जेथे माती, चुना, डिंक व किडलेल्या गव्हाचा चुरा कालवून केलेला ‘दाबू’ लाकडी ठशांनी कापडावर उमटवितात, तेथील बालकांच्या साक्षरतेचा प्रश्न विज्ञानयुगाने किती सहज निकालात काढला आहे, हे पाहून कोणाही विचारवंताची मान आदराने लवावी. एप्रिल 2020 मध्ये राजस्थान सरकारने ‘स्माइल’ योजनेद्वारे पाठ थेट पालकांच्या व्हॉट्सॲपवर रवाना केले. त्याच्या वर्षभर आधी, मार्च 2019 मध्ये, गूगलने ‘बोलो’ हे ॲप काढले होते. त्यातील दिया नामक बालिका मुलाचे वाचन ऐकते, चूक सांगते आणि वर शाबासकीही देते. (हे तीन गुण एकाच गुरुजींच्या ठायी क्वचितच आढळत.) फोन दिवसभर बापाच्या खिशात असतो, ही किरकोळ बाब; रात्री, चार्जिंग उरलेच तर, विद्या भावंडांत वयपरत्वे वाटून घेतली जाते, यात केवढी शिस्त आहे! पूर्वी खतावर उमटणारा निरक्षराचा अंगठा आज फोनचे कुलूप उघडतो, अर्थात त्यावरचा दाबू आधी धुतला असेल तर. तेव्हा त्यास रीतसर स्वाक्षरीचा दर्जा देऊन, पाठ उघडणारे समग्र कुटुंब दप्तरी साक्षर म्हणून दाखल करावे, अशी सरकारदरबारी आमची नम्र शिफारस आहे. तूर्त निरक्षर पालकांना विनंती एवढीच, की पाठासोबत आलेली लेखी सूचना त्यांनी स्वतः लक्षपूर्वक वाचावी.