पानफुटीचे संगोपन : गरजूंसाठी मार्गदर्शन

गुलाब गेला, जास्वंदीला मावा लागला, भेट आलेलं ऑर्किड तर डब्यातून काढतानाच मान टाकून मोकळं झालं. अशा माळ्यानं खचून जाऊ नये. पानफुटी आहे. गेली कित्येक वर्षं तिला आमचं अखंड मार्गदर्शन चालू आहे आणि तिनं त्यातलं एक अक्षरही मानलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम पान मिळवावं. मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो म्हणतात. पानफुटी चोरायची सोयच नाही. शेजारच्या काकूंच्या कुंडीकडे क्षणभर टक लावून पाहिलंत, तर त्या न मागता चार पानं हातात कोंबतात आणि घाईनं दार लावून घेतात. घाई कसली, ते पुढच्या पावसाळ्यात कळतं.

मग लागवड. इथंच नवशिके चुकतात : ते लागवड करतात. कोकोपीट नको, गांडूळखत नको, यूट्यूब तर नकोच. पान घरात कुठंतरी ठेवावं आणि विसरावं. विसरणं जमत नसेल तर चार दिवस गावाला जावं. पानाच्या कडेला ज्या खाचा असतात, त्यांत कळ्या झोपलेल्या असतात. पान झाडापासून सुटलं की त्या जाग्या होतात. आधी इवली मुळं, मग जोडीजोडीनं पानं. शाळेत ‘शाकीय प्रजनन’ म्हणून हेच चित्र काढून आम्ही मार्क मिळवले होते. त्या वेळी वाटलं, विषय संपला.

पाणी घालू नये. अगदीच राहवलं नाही तर घालावं, पण मुळं कुजली तर आमच्याकडे येऊ नये. मूळची मादागास्करची ही बाई दिवसा खिडक्या लावून बसते. रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात त्याची साखर करते. म्हणून पान सकाळी आंबट लागतं. हे आपल्याच देशात चाखून पाहिलं बेंजामिन हाइन या ईस्ट इंडिया कंपनीच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट, असं त्यानं 1813च्या पत्रात लिहिलं आणि लंडनच्या लिनिअन सोसायटीनं ते छापलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही तंतोतंत असेच आहेत, पण ते कोणी छापत नाही.

चाखण्यावरून आठवलं. मुतखड्यावर रोज उपाशीपोटी दोन पानं, असं सांगणारे एक काका प्रत्येक मजल्यावर असतात. या पानांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती चरून गुरं दगावलेली आहेत. खडा डॉक्टरांना दाखवावा, काकांना चहा द्यावा.

आता रसग्रहण, कारण संगोपनात करण्यासारखं काही उरलेलं नाही. शाकुंतलावर लुब्ध झालेला जर्मन कवी गटे म्हातारपणी या झाडापायी वेडा झाला होता. तो मित्रमंडळींना पानं पाठवायचा. 1826 साली मारियान फॉन विलेमर या मैत्रिणीला तर सोबत कविताही धाडली. आम्हाला यात प्रेमापेक्षा काकूंची घाई जास्त दिसते. थंडी सरताना उंच दांड्यावर कागदी कंदिलांसारखी फुलं लोंबू लागतात, ती मात्र खरोखर पाहावीत. पानांवर पांढुरके चट्टे दिसले तर औषध फवारू नये. आत रेड पिएरो फुलपाखराची अळी पान पोखरत बसलेली असते. या घरात पानफुटीला आवर घालणारी तेवढी एकच, तिचा मान राखावा.

शेवटचा आणि अवघड भाग विल्हेवाटीचा. रोपं ग्रिलच्या फटीत आली, एसीच्या पाइपाखाली आली, तेव्हा सौभाग्यवतींनी संक्रांतीला वाण म्हणून पानफुटी लुटली. श्रीखंडाचे रिकामे डबे, खाली भोकं पाडलेली, झाकणावर नेलपॉलिशनं आमचं आडनाव. एकवीस घरं झाली. वर्षभर गॅलरी मोकळी होती, आम्ही तिथं खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.

यंदा रथसप्तमीला दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आमचा डबा परत द्यायला आल्या. मोकळा डबा परत देऊ नये, हा रिवाज त्यांनी कसोशीनं पाळला होता.