अस्तरवाले

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने 'अणुशक्तीत म्हणजे बॉम्बच ना?' असं विचारलं, की अस्तरवाल्यांचा चेहरा पडतो. बॉम्बचं सगळं एका क्षणात आटोपतं. यांचा उभा जन्म गेला तो काहीच होऊ नये म्हणून.

फास्ट ब्रीडर अणुभट्टीच्या धातू-इंधनावर काम करणाऱ्यांत हा नग हमखास सापडतो, ट्रॉम्बेला तसाच कल्पाक्कमला. त्यांचा प्रश्न ऐकायला साधा आहे. युरेनियम, प्लुटोनियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची कांडी, आणि तिच्याभोवती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी नळी. भट्टीत कांडी फुगते. नळीतली २५ टक्के जागा आधीच मोकळी सोडलेली असते, तरी ती फुगत फुगत नळीला टेकतेच. टेकली की देवाणघेवाण सुरू. नळीतलं लोखंड आत, विखंडनातून जन्मलेले निओडिमियम-सिरियम बाहेर. एरवी युरेनियम वितळायला ११३२ अंश लागतात आणि लोखंडाला १५३८. पण दोघांचं जमलं, की ७२५ अंशांच्या आसपासच पाणी होतं. हे ७२५ उच्चारताना अस्तरवाल्यांचा सूर, मुलीचं बाहेर कुठे जमलंय हे शेजाऱ्याकडून कळलेल्या बापासारखा लागतो.

म्हणून मध्ये अस्तर घालायचं. झिर्कोनियमचं, व्हॅनेडियमचं, नाहीतर क्रोमियमचं. आता अस्तराचं इंधनाशी पटतं का आणि पोलादाशी पटतं का, हे वेगवेगळं तपासावं लागतं. आधी भांडणाची सरहद्द एक होती, आता दोन झाल्या. दुसऱ्या कुणाला याचं वाईट वाटलं असतं. यांना दुसरा प्रकल्प मिळतो.

तपासणीची रीतही त्यांच्या स्वभावाला मानवणारी. इंधन, अस्तर आणि पोलाद यांच्या चकत्या एकमेकींवर दाबून निर्वात भट्टीत शेकडो तास ठेवायच्या, मग कापायच्या, रेझिनमध्ये बसवायच्या, चकाकेपर्यंत घासायच्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. सीमारेषेवर चार मायक्रॉनचा नको तो थर दिसला, की रात्री जेवण जात नाही. काहीच दिसलं नाही, तर पेढे.

घरी रिमोटला प्लास्टिक. ते बटणांना चिकटू नये म्हणून आत टिश्यू पेपर. बटणांवरचे आकडे दिसत नाहीत, पण तो त्यांच्या मते वेगळ्या विभागाचा प्रश्न. डब्यात पोळी आणि भाजीच्या मध्ये फॉइल, फॉइलला लोणचं लागू नये म्हणून केळीचं पान.

"अहो, पोटात शेवटी एकच होणार ना सगळं?" काकू विचारतात.

"होणारच. किती तासांनी, ते महत्त्वाचं."

हे त्यांनी विनोदाने म्हटलेलं नसतं. कोणतंही अस्तर कायमचं अडवत नाही, लांबवतं. तेवढ्यात कांडीचं आयुष्य सरलं, की जिंकलो.

त्यांची भक्ती आयडाहोच्या ईबीआर-टू भट्टीवर. १९६४ ते १९९४ ती धातू-इंधनावर चालली. एप्रिल १९८६ मध्ये तर पूर्ण शक्तीवर असताना मुख्य पंप बंद केले, नियंत्रक दांडे जागचे हलवले नाहीत, आणि भट्टी आपली आपण निवली. ही कथा ते साश्रू नयनांनी सांगतात. "पण तिथल्या नेहमीच्या कांड्यांना अस्तर नव्हतं ना?" असं कुणी विचारलं, की चहा अर्धा टाकून उठतात. आपल्याकडचं दुःख निराळं. कल्पाक्कमची चाचणी भट्टी १९८५ पासून कार्बाइडची, शेजारची ५०० मेगावॉटची ऑक्साइडची. धातूच्या वाट्याला चाचणीच्या मोजक्या कांड्या. यांचं इंधन कायम 'पुढच्या' भट्टीचं, आणि त्या 'पुढच्या'ची वाट बघत हे निवृत्त होतात.

निवृत्तीनंतर खारघरच्या सोसायटीत गच्ची गळायला लागली, तेव्हा वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराशी बोलायला सगळ्यांनी एकमताने त्यांनाच पुढे केलं. त्यांनी थराची जाडी मायक्रॉनमध्ये विचारली. काँक्रीटच्या आणि रसायनाच्या प्रसरणाचा मेळ विचारला. दोन्हींच्या मध्ये काय तयार होतं, त्याचा छेद घेतलेला फोटो मागितला.

"दहा वर्षांची गॅरंटी आहे साहेब," कंत्राटदार म्हणाला.

"कोणत्या तापमानाला?"

"साहेब," तो सेक्रेटरीकडे बघत म्हणाला, "गच्चीवर पापडच वाळवणार ना तुम्ही लोक?"