ओरिजिनलराव

लग्नाच्या पंगतीत ओरिजिनलरावांच्या शेजारी बसू नये. जिलेबी ताटात पडायच्या आत ते तुमचं मनगट उलटं करून घड्याळाची पाठ वाचतात. मग चष्म्याची दांडी, मग पट्ट्याचं बक्कल. तपासणी संपली की डोळे मिटून निकाल देतात, "ओरिजिनल आहे." किंवा काहीच न बोलता मठ्ठा मागतात. मठ्ठ्याचे निकाल जास्त लागतात.

पत्रिकेतलं नाव वेगळं असणार, पण सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनसुद्धा त्यांना ओरिजिनलराव म्हणूनच ओळखतो. असा एक गृहस्थ नेरूळच्या प्रत्येक टॉवरमध्ये असतो. खारघरला दोन असतात, तिथले टॉवर नवे आहेत.

चौथ्या मजल्यावरच्या बारशाला ते पाळण्यात वाकले, बाळाला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "नाक ओरिजिनल आहे, आजोबांचं." कोणत्या आजोबांचं, यावरून दोन्हीकडच्या मंडळींत जी जुंपली ती घुगऱ्या वाटून झाल्या तरी मिटली नाही.

सीवूड्सचा मॉल रेल्वे स्टेशनच्या डोक्यावरच उभा आहे. पण ओरिजिनलराव तिथे फक्त गार हवा खायला जातात. खरेदी करायची तर वाशीची खाडी ओलांडून बीकेसीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलेल्या जिओ वर्ल्ड प्लाझात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशी नाक्यावर मोटारींचा टोल माफ झाला तेव्हा ४५ रुपये वाचले म्हणून त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात, त्या बिनटोलाच्या रस्त्याने जाऊन, दीड लाखाची लुई व्हिताँची हँडबॅग घेऊन आले. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी भाजीवालीशी वाद घालणाऱ्या वहिनी ती बॅग पावसाळ्यात दुधाच्या पिशवीगत प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर ती बॅग कोणालाच दिसत नाही. "असू दे," ओरिजिनलराव म्हणतात, "आत ओरिजिनल आहे."

"सेलमध्ये घ्यायची की," असं कोणी चुकून म्हणालं की पुढचा पाऊण तास गेला. हे घराणं सेल लावतच नाही, हे ते अशा सुरात सांगतात की जणू सोयरीक जमवायची आहे. मग बर्बेरीची गोष्ट. या ब्रिटिश कंपनीने २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात न खपलेला २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला होता; बोभाटा झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये ही पद्धत बंद करत असल्याचं तिने जाहीर केलं. एपीएमसीत भाव पडला की टोमॅटो फेकतात. तिथे भाव पडू नये म्हणून कोट जाळायचे. महाग आहे म्हणूनच हवीशी वाटणारी वस्तू असते, हे थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली लिहून ठेवलं. ओरिजिनलरावांनी व्हेब्लेन वाचलेला नाही. त्याचं प्रात्यक्षिक मात्र ते हप्त्याहप्त्याने करतात, बिनव्याजी.

त्यांची सर्वांत आवडती कथा त्या बॅगेवरच्या नक्षीची. १८५४ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या पेढीच्या ट्रंकांची लोक नक्कल करू लागले, म्हणून संस्थापकाच्या मुलाने, जॉर्जने, १८९६ मध्ये 'एल' आणि 'व्ही' या अक्षरांची ती नक्षी काढली. नक्कल थांबवण्यासाठी काढलेल्या त्या नक्षीच्या नकला आज जगभरच्या फुटपाथांवर लटकलेल्या असतात. हे सांगताना ओरिजिनलरावांचा आवाज कीर्तनकारासारखा चढतो, आणि मग एकदम खाली येऊन, "आमची मात्र..." पुढचा शब्द आता श्रोतेच म्हणतात.

एप्रिल २०२५ मध्ये सरकारने १० लाखांवरच्या घड्याळं, हँडबॅगा, गॉगल अशा चैनीच्या वस्तूंच्या खरेदीवर विक्रीच्या वेळीच एक टक्का कर गोळा करण्याची अधिसूचना काढली. लोक कर लागला म्हणून खचतात. हे गृहस्थ आपली एकही वस्तू त्या यादीत बसत नाही म्हणून दोन दिवस खिन्न होते. यादीत शर्यतीचे घोडेही होते. "घोडा ओरिजिनल आहे हे कशावरून ओळखतात?" असा प्रश्न त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल कोणी तरी बाळाच्या नाकाचा फोटो टाकला.

इतकं सगळं असून कोणाला काही विकत घ्यायचं असलं की ग्रुपवर पहिली हाक ओरिजिनलरावांनाच जाते, हे मान्य करावं लागतं. सोन्याच्या दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झाला, तेव्हा त्यांनी क्लबहाऊसमध्ये सगळ्या आज्यांना बसवून, भिंग हातात देऊन, तो क्रमांक बीआयएसच्या ॲपवर तपासायला शिकवलं. सातव्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या मावशींना जुना फोन नवा म्हणून गळ्यात मारला जात होता, तो यांनी दुकानातच उलटापालटा करून परत ठेवायला लावला. मावशींनी चहा दिला तर चहाची पूड कोणती, ते विचारलं. पण गेले होते, तीन तास उभे होते, आणि पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत.

यामागचं कारण त्यांच्या वडिलांनी एकदा गच्चीवर सहज सांगून टाकलं. आबा साताऱ्याकडचे, माथाडी. मस्जिद बंदरचा कांदा-बटाटा बाजार वाशीला आला, त्याच्या मागोमाग आबाही कोपरखैरण्याला आले. पोराने बुटांचा हट्ट धरला तेव्हा चार पोती जास्त उचलून त्यांनी स्टेशनाबाहेरून आदिदासचे बूट आणले. आदिदासच्या बुटाला पट्टे तीन. यांना चार होते. आबांना वाटलं, एक जास्त आला, बरं झालं. वर्गातल्या पोरांनी ते मोजले. पोरगा वर्षभर पाय बाकाखाली ओढून बसला आणि घरी काही बोलला नाही. आबांना हे कळलं ते तो ऐरोलीच्या आयटी कंपनीत लागल्यावर, पहिल्या पगाराचे तीन पट्टेवाले बूट बापाच्या पायाशी ठेवताना. आबांनी ते घातले नाहीत. त्यांच्या पायात जन्मभर कोल्हापुरी, करकर वाजणारी.

आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाचे पोरगेले मॉडेल नेमकी तशीच चप्पल घालून चालले. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. या चपलेला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी जीआय मानांकन आहे. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला: २ हजार जोड इथेच बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ८० हजारांच्या वर.

ओरिजिनलराव आयुष्यात पहिल्यांदा अडकले. प्राडाचा शिक्का असलेली ओरिजिनल, की आबांच्या पायातली? ग्रुपवर कोणीही चिडवलं नाही, इतके ते गप्प होते. शेवटी आबांनाच फोटो दाखवला, किंमत सांगितली. आबांनी चष्मा वर करून शिवण पाहिली, अगदी पोरासारखीच, आणि विचारलं, "एवढ्या पैशात तळ झिजला की बदलून देणार का?"

त्या रात्री मिलानच्या पत्त्यावर एक ईमेल गेला. प्रश्न आबांचाच, इंग्रजी ओरिजिनलरावांचं. खाली सोसायटीतल्या ११ सह्या आहेत, आणि मावशींनी स्वतंत्रपणे जोडलं आहे की चप्पल चावली तर आत लावायला खोबरेल तेल कंपनीनेच द्यावं.