गेमची गोष्ट लिहायची कशी : नाशिककर नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

नॅरेटिव्ह डिझायनर व्हायचं ठरवलं असेल, तर पहिली पातळी घरातच खेळावी लागते. नाशकात नोकरी म्हणजे सातपूर, अंबड, ओझरचं एचएएल, नाहीतर नाशिकरोडचं प्रेस. त्यामुळे मावशीचा पहिला प्रश्न ‘कंपनी सातपूरला का अंबडला?’ हाच असणार. ‘पुण्याची आहे, पण मी घरूनच करतो,’ असं सांगितलंत की ती आईकडे वळून ‘अजून शोधतोय वाटतं’ म्हणेल. ‘व्हिडिओ गेममधल्या गोष्टी लिहितो’ असं तर मुळीच सांगू नका. त्याचा अर्थ ‘दिवसभर मोबाईल खेळतो’ असा लावला जातो आणि तो बारशापासून दहाव्यापर्यंत सगळीकडे पोचतो.

यावरचा तोडगा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने काढून ठेवला आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करत होते, तेव्हा सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडत. म्हणून त्यांनी आपल्या मंडळींना शिकवून ठेवलं होतं म्हणे, की कोणी विचारलंच तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगावं. तुम्हीही फॅक्टरीच म्हणा. शिफ्ट विचारली तर ‘जनरल’, माल विचारला तर ‘एक्सपोर्टचा’. दोन्ही खोटं नाही.

पातळी पार झाली असं धरून पुढे जाऊ.

आता कामाचं स्वरूप. गोष्ट लिहिणं हे तुमचं काम आहे, असा तुमचा समज असेल. तो पहिल्या आठवड्यात जातो. गेममध्ये सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे शब्द. आर्टिस्टने उभा केलेला पूल बदलायला दोन आठवडे लागतात, तुमचं वाक्य बदलायला दोन मिनिटं. म्हणून पूल तसाच राहतो आणि वाक्य बदलतं. नदी महाग पडली म्हणून काढून टाकली, की पूल कोरड्या जमिनीवर का उभा आहे याचं कारण तुम्ही द्यायचं. (शाप हे कारण कायम चालतं. आपल्याकडे शापांचा साठा मुबलक आहे आणि त्यांना ॲनिमेशन लागत नाही.)

हेही फाळक्यांनी आधीच सोसलेलं आहे. पहिल्या चित्रपटात तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे नाशकात मुक्काम हलवल्यावर १९१७ साली ‘लंकादहन’ आला, त्यात याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हातात एकच नट आहे, तोच राम आणि तोच सीता. आता प्रसंग कसे रचाल? कोण कधी दिसेल, कोणाची पाठ दिसेल, भेट कशी टाळाल? वही घ्या आणि हे खरोखर करून बघा. जे कराल त्यालाच नॅरेटिव्ह डिझाइन म्हणतात. उरलेलं सगळं साहित्य आहे, आणि ते दिवाळी अंकासाठी राखून ठेवावं.

अवजारांवर फार वेळ घालवू नका. ट्वाइन फुकट आहे, २००९ पासून आहे. फांद्या फुटणारी गोष्ट त्यात दुपारभरात जमते. इंकल या इंग्लंडमधल्या स्टुडिओची इंक ही भाषाही फुकट मिळते. दोन्ही शिका आणि मग एक्सेल उघडा, कारण यापुढचं आयुष्य तिथेच जायचं आहे. प्रत्येक वाक्याला एक ओळ, एक क्रमांक, कोण बोलतं, कोणाला, रागाने की लाडाने. सरावासाठी वेताळपंचविशी घ्या. राजा बोलला की वेताळ झाडावर परत. उत्तर ठाऊक असून गप्प बसला, तर डोक्याची शकलं. नियम दोनच, फेऱ्या पंचवीस, आणि नियम समजावायला वेगळी पातळी लागत नाही. इतका घट्ट आराखडा अजून माझ्या हातून झालेला नाही.

यापुढचा भाग नीट वाचा. बहुतेक नवशिके इथेच मरतात, तेही पुनःपुन्हा.

खेळाडूला निवड द्यायची असते. प्रत्येक वळणावर दोन पर्याय आणि प्रत्येक पर्यायाची वाट वेगळी असं ठरवलंत, तर दहाव्या वळणाला १०२४ गोष्टी होतात. टीममध्ये लिहिणारे तुम्ही एकटे. तेव्हा पंचवटीत जा. काळाराम मंदिराजवळ सीतागुंफेत वाकून शिरणारे भाविक बघा. त्या प्रत्येकाला पुढे काय होणार हे पाठ आहे, तरी रांग संपत नाही. आता त्या प्रसंगाचा गेम करू. खेळाडू सीता आहे. दाराशी भिक्षेकरी उभा आहे. पडद्यावर प्रश्न : रेषा ओलांडायची का?

खेळाडूने ‘नाही’ निवडलं तर? गेम पंचवटीतच आटोपला. सोन्याची लंका करत बसलेले आर्टिस्ट, समुद्रावर सेतू बांधणारे प्रोग्रामर, शेपटीच्या आगीवर महिनोन् महिने घालवलेली बिचारी ॲनिमेटर, सगळ्यांचं काम पाण्यात. म्हणून नवशिका काय करतो, तर ‘नाही’ निवडलं तरी दोन वाक्यांनंतर रेषा ओलांडायलाच लावतो. खेळाडू ही फसवणूक लगेच ओळखतो आणि पुढच्या कुठल्याच निवडीवर विश्वास ठेवत नाही.

खरी युक्ती रामायणातच आहे. रावण घेऊन जाणार, ते अटळ. पण जाताना सीता दागिने खाली टाकते, ते वानरांना सापडतात आणि शोधाला दिशा मिळते. निवड तिथे द्या. काय घडावं हे खेळाडूच्या हाती नको. घडत असताना आपण कसं वागावं, ते असू द्या. कोणता दागिना टाकायचा? कुठे? एकही न टाकता मुठीत घट्ट धरून ठेवायचा? खेळाडूने जे केलं त्याची नोंद एका चलात ठेवा. मग चार तासांनी, तो ते विसरलेला असताना, एखाद्या वानराच्या हातात तेच पैंजण दिसू द्या. त्याला वाटेल गेमने आपल्याला ओळखलं. खर्च झाला एका पैंजणाचा आणि तीन वाक्यांचा. लंकेचा रस्ता एकच राहिला, आणि तक्रार करायला कोणी येत नाही.

हे काम आपल्या जवळपास झालेलं बघायचं असेल, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ खेळा. २०१७ ची त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. बहीण हरवलेल्या भावाला शोधते आहे आणि तिच्याकडे बघत दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलताहेत. मधल्या कथाप्रसंगांत सावल्यांच्या बाहुल्या आहेत. चेहऱ्यांचं महागडं ॲनिमेशन टाळायचा इतका देखणा मार्ग दुसरा मला ठाऊक नाही.

पुढचा धडा छोटा. रस्त्यावरच्या किरकोळ पात्रांना जी तुटक वाक्यं असतात, त्यांत विनोद करू नका. खेळाडू त्या दुकानदारासमोरून शंभरदा जाणार आहे. पहिल्यांदा हसू आणणारं वाक्य विसाव्यांदा खून करायला लावतं, आणि गेममध्ये तलवार हातातच असते. शालिमारला उभे राहून शेअर रिक्षावाल्यांचं ‘नाशिकरोड, नाशिकरोड, एक सीट’ ऐका. दिवसभर चालतं, माहिती देतं, कोणाला टोचत नाही.

मराठीत गेम करायचा असेल तर दुप्पट काम धरा. खेळाडू मुलगा की मुलगी हे त्याने स्वतः ठरवायचं असतं, आणि मराठी क्रियापद ते लपवू देत नाही. ‘कुठे गेला होतास’, ‘कुठे गेली होतीस’. प्रत्येक ओळ दोनदा, आवाजाचं मुद्रण दोनदा. वर म्हातारं पात्र ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’, तो वाद वेगळा. एवढं करून मजकूर इंजिनात टाकला, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. प्रोग्रामर म्हणेल, ‘मला तर ठीक दिसतंय.’ तो हैदराबादचा असतो, त्याच्यावर रागावू नका.

काही काळ टिकलात तर तुम्हाला टीम लीड करतील. कर्तृत्वामुळे नव्हे, आधीचा लीड बंगळूरला गेलेला असतो.

इथेही फाळक्यांचं चरित्र उघडावं, पण दोन ठिकाणी. एक, नाशकातली हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी. भांडवल मुंबईच्या भागीदारांचं, कला यांची. खटके उडाले, दादासाहेब राजीनामा देऊन काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. पुढे परतही आले. निर्मात्याशी भांडण झाल्यावर हा मार्ग आजही खुला आहे, मात्र गंगापूर रोडच्या फ्लॅटचे हप्ते चालू असतील तर तिकीट परतीचंच काढावं. तसंही काही वेळा आपण जागेवर राहतो आणि काम निघून जातं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती, २०२० मध्ये तशी घोषणाही झाली, २०२२ मध्ये ती माँट्रियलला गेली. मूळ फाइलची एक प्रत जपून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी स्टँड-अप मीटिंगला वेळेवर यावं.

दुसरं ठिकाण म्हणजे सरस्वतीबाई फाळके. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, चित्रीकरणात पांढरी चादर धरून उजेड वळवणं आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. दादासाहेबांना दिग्दर्शक म्हणा, लेखक म्हणा. टीम लीड मात्र सरस्वतीबाई होत्या, यावर माझ्याशी वाद घालू नका. लीडचं काम याच जातीचं असतं : कोणाला काय कमी पडतंय ते मागायच्या आधी ओळखणं, आणि कंटाळवाणं काम आपल्या अंगावर घेऊन इतरांचा हात मोकळा ठेवणं. ज्युनिअरने लिहिलेल्या प्रसंगावर ‘मजा नाही आली’ असा शेरा कधीही लिहू नका. ‘दुसऱ्या गावात शिरल्यावर मी फोन बघितला’ असं लिहा. तो काय ते समजतो.

शेवटी खेळून बघण्याची परीक्षा. चुलतभावंडं बोलवा, त्यांना गेम द्या, मागे खुर्ची टाका आणि हात मांडीखाली दाबून बसा. बोलायचं नाही, सुचवायचं नाही. ज्या संवादासाठी तुम्ही रात्री जागलात, तो तुमच्या डोळ्यांदेखत बटण दाबून उडवला जाईल. नंतर मतं येतील. नाशिककराची मिसळ ठरलेली असते आणि बाकीच्यांची त्याच्या लेखी भिकार असते. गेमबद्दलचं मतही त्याच ठसक्यात मिळेल. मतं लिहून घ्या, पण विश्वास ठेवायचा तो बोटांवर. खेळाडू कुठे थांबला, कुठे मागे फिरला, कुठे दोनदा वाचलं, एवढंच खरं.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, नुसतं खेळायचं आहे, त्यांना एक विनंती. गेम चोरून उतरवू नका, विकत घ्या. संपल्यावर नावांची यादी वर सरकू लागते, तेव्हा स्किप दाबू नका. ती दोन-चार मिनिटांची असते आणि मावशीला दाखवायला आमच्याकडे दुसरा पुरावा नसतो.